पिवळी सुई

आमच्या घरी फोन वाजला आणि मी उचलला की पलीकडचं माणूस हमखास म्हणतं, "भाऊ, जरा घरच्या बाईमाणसाला द्या ना." आधी मला रडू यायचं. आता मी सांगते, "बोला, बाईमाणूसच बोलून राहिली." तेवढ्यात माय मागून विचारते, "कोण आहे वं?" तिचाही आवाज ऐकू गेला की समोरच्याला वाटतं, या घरात दोन पुरुष राहतात आणि दोघंही चेष्टेखोर आहेत.

हे दोन आवाज कुठून आले, ते लिहायला बसले आहे. गोंदियाजवळ फुलचूरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. भरतीचे, स्पर्धांचे फॉर्म भरायला पोरंपोरी येतात. एखाद्या पोरीचे दंड महिन्याभरात फुगलेले दिसले, गालावर पुरळ दिसलं, की मी तिचा फॉर्म बाजूला ठेवते. तिला बसवून सांगावं म्हटलं तर ती ऐकायचं सोडून माझ्या आवाजाकडेच बघत राहते. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागदावर.

*

आमच्या भागात सुई म्हणजे औषध नव्हे, हे आधी समजून घ्या. औषध आजाऱ्याला लागतं. सुई ताकतीची असते. रोवणीच्या दिवसांत बाया पंधरा-वीस दिवस गुडघाभर चिखलात वाकून धानाचे परे रोवतात. शेवटची बांधी, म्हणजे धानाचा वाफा, संपली की गावातल्या डॉक्टरच्या ओसरीवर रांग लागते. तो खरा डॉक्टर होता की नाही हे कुणी कधी विचारलं नाही. तो लाल सुई टोचायचा, कुणाला सलाईन लावायचा, आणि बाया दंड चोळत हसत घरी जायच्या. माय माझ्या लहानपणापासून ही लाल सुई घेत आली. ती तिची दिवाळीच होती म्हणा ना.

आम्ही पोवार. घरी शेती, दोन भाऊ, मी शेंडेफळ. शाळेत गोळा लांब फेकला म्हणून एका सरांची माझ्यावर नजर गेली, आणि बारावीनंतर मी फुलचूरला मावशीकडे राहून गोंदियातल्या त्यांच्या व्यायामशाळेत वजनं उचलू लागले. बाबूजींना एकच ठाऊक होतं: मेडल आलं की खेळाच्या कोट्यातून नोकरी लागते. गावात पोट्टीनं वजनं उचलणं म्हणजे हसण्याचा विषय. बाबूजी हसणाऱ्यांना म्हणायचे, "हसा बाप्पा हसा. पोट्टी वर्दी घालून येईन तं सलाम ठोकान."

सर वाईट वागायचे नाहीत, हेही सांगते. वेळेवर यायचे, पोरींना घरापर्यंत सोडायचे. राज्य स्पर्धेत मी चौथी आले तेव्हा त्यांनीच मला बाजूला बोलावलं. "देख बेटा, मेहनत तेरी पूरी है. बस ताकत कम पड रही है. ताकत की सुई लगा देते हैं."

मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. ताकतीची सुई तर माय पण घेते! फक्त ही लाल नव्हती. तेलासारखी घट्ट, पिवळी. टोचल्यावर कमरेखाली दोन दिवस गाठ राहायची. सोबत छोट्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. "किसी को बताना मत," सर म्हणाले, तेव्हा मात्र एकदा मनात आलं, चांगल्या गोष्टीला 'बताना मत' काऊन? मी तो विचार तिथंच दाबला. मला वर्दी पाहिजे होती.

*

आता जे सांगणार आहे ते मी बरीच वर्षं आपणहून कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात रोवणीसाठी घरी गेले. माय बांधीतून आली ती ओसरीवर तशीच वाकलेली. सरळच होता येईना तिला. हात कमरेवर ठेवून हसत होती, डोळ्यांत पाणी. माझ्या पिशवीत सरांनी दिलेल्या सुया होत्या. मीच तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. म्हटलं, "माय, लाल नको घेऊ. ही पिवळी घे, नॅशनलवाल्यांची आहे."

आठ-दहा दिवसांनी माय म्हणाली, "बाप्पा! मले पाठच नाही राहिली वं, दुखायची थांबली." भूक वाढली. दोन बायांनी उचलायचे टोपले एकटी उचलायला लागली. बाबूजी चिडवायचे, "घरात एक पैलवान कमी होती का?" माझा ऊर भरून आला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी मायला काही दिलं होतं. मग मी सरांकडून जास्त सुया मागू लागले आणि घरी नेऊन देऊ लागले. जवळजवळ वर्षभर.

माझा आवाज बसला तेव्हा मी ओरडून-ओरडून बसला म्हटलं. पाळी चुकली, ती तालमीमुळे. हनुवटीवर केस आले, ते मी ब्लेडनं काढले. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं.

*

राष्ट्रीय स्पर्धेत मला रौप्यपदक मिळालं. मेडल गळ्यात पडलं आणि खाली उतरते तोच गळ्यात कार्ड घातलेली एक बाई माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. "आपका सैंपल लेना है. अब से मैं आपके साथ रहूंगी." ती खरंच सोबत राहिली. मी पाणी प्याले तरी सोबत, बॅग घेतली तरी सोबत. संडासात पण दार लावू देईना. समोर उभी राहून बघत होती. आमच्या घरात मायसमोर मी कपडे बदलत नाही, आणि इथं एका अनोळखी बाईच्या नजरेसमोर बाटलीत लघवी करायची. दीड तास झाली नाही. शेवटी झाली.

मग माझ्याच हातानं दोन बाटल्या निवडायला लावल्या, दोन्हींत ओतायला लावलं, झाकणं फिरवायला लावली. कट-कट-कट आवाज करत ती झाकणं बंद झाली. एकदा बंद झालं की ते उघडत नाही, फोडावंच लागतं, असं तिनं सांगितलं. पुढे फॉर्म आला. मागच्या काही दिवसांत कोणकोणती औषधं घेतली?

सरांनी सांगून ठेवलं होतं, कुछ नहीं लिखना. तरी मी विचारलं, "ताकत की सुई लिखूं क्या?"

ती बाई पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघायला लागली. "जो लिया है, वो लिखिए."

मी रकाना रिकामा सोडला आणि सही केली. ती झाकणांची कट-कट पुढे कितीतरी दिवस माझ्या कानात होती.

*

दीड महिन्यानं अंगाला खाज सुटली. साधी नाही. तळहात, तळपाय, पाठ, असं वाटायचं की कातडी काढून खुंटीला टांगावी. मग लघवी चहासारखी. मावशीनं एक दिवस मला उजेडात उभं केलं, डोळ्याची खालची पापणी ओढली आणि म्हणाली, "पीलिया झाला वं तुले."

गावी नेलं. आमच्याकडे काविळीला डोक्यावर काड्यांची माळ घालतात. कावीळ उतरली की माळ लांब होत खाली गळ्यात येते. माझी माळ दोन दिवसांत गळ्यात आली. माय खूश झाली, नारळ फोडला. माझे डोळे तसेच, हळदीत बुडवल्यासारखे. त्यातच सरांचा फोन आला होता, "गोली चालू रख, कमजोरी नहीं आयेगी." आणि मी ठेवल्या. सांगायलाही लाज वाटते, पण पोटात अन्न ठरत नव्हतं तेव्हाही ती गोळी मी गिळत होते.

गोंदियाच्या दवाखान्यानं आठ दिवस बघितलं आणि नागपूरला पाठवलं.

*

नागपूरच्या त्या वॉर्डात सकाळ फिनाइलच्या वासानं व्हायची. मग रक्त काढणारा यायचा, मग डॉक्टरांचा राऊंड, मग पातळ वरण आणि भात. माय माझ्या पायथ्याशी स्टुलावर बसून असायची. खाज सुटली की केसांच्या कंगव्यानं माझी पाठ खाजवून द्यायची. शेजारच्या खाटेवरची कामठीची एक म्हातारी रोज म्हणायची, "काय पोरीचं नशीब, माय हाताशी!" खरंच होतं. त्या दिवसांत मला बरं वाटायचं ते फक्त त्या कंगव्यानं.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, कोल्हापूरकडच्या. रोज तेच विचारायच्या. "दारू?" नाही. "झाडपाला?" ती माळ घातली होती. "गोळ्या? इंजेक्शनं? काहीही?"

"नाही."

गोळ्या मी नागपूरला आल्यावर थांबवल्या होत्या, कारण आणल्याच नव्हत्या. पण बोलले नाही. कारण एव्हाना बाबूजींचा गावाहून फोन आला होता. "दिल्लीवरून रजिस्टर आलं वं! इंग्रजीत आहे, तुयं नाव आहे, ठप्पा आहे. नोकरीची ऑर्डर असन. म्या देवाजवळ ठेवली."

दिल्लीहून नोकरीची ऑर्डर कशाला येईल? मला कळलं होतं, तो त्या बाटल्यांचा निकाल आहे. मी म्हटलं, "बरं बाबूजी." फोन ठेवला. त्या दिवसापासून मी दोन गोष्टींची वाट बघत पडून होते: डॉक्टरांना कळायची आणि बाबूजींना कळायची. दोन्ही कळू नयेत अशी देवाची विनवणी करत होते. मेले तरी चालेल, पण कळू नये, असंही एकदा मनात आलं. रिपोर्टचे आकडे रोज वर चढत होते. तपासण्या सगळ्या कोऱ्या येत होत्या, कारण सापडत नव्हतं. मॅडमनी मायला सांगितलं, "असंच वाढत गेलं तर आमच्या हातात राहणार नाही. सुई घालून लिव्हरचा तुकडा काढावा लागेल. यांच्या वडिलांना सहीला बोलवा."

मायनं पदर हनुवटीवर ओढून घेतला आणि मान हलवली. माय त्या सगळ्या दिवसांत पदरानं तोंड बांधून होती. दात दुखतो म्हणायची. बोलायचीही कमी.

*

बाबूजी रेल्वेनं आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर गमछा, काखेत प्लास्टिकची पिशवी. सही केली. मग मॅडम निघणार तोच म्हणाले, "मॅडमजी, एक बोलू का जी?"

"बोला काका."

"पोरीले लवकर बरी करा जी. दिल्लीची नोकरी लागली तिले. तारीख निघून जाईन तं मंग कोणी उभं नाही करत."

आणि त्यांनी पिशवीतून गमछ्यात गुंडाळलेला कागद काढला. वर हळदीकुंकवाची पाच बोटं. एक अक्षत अजून चिकटून होती. दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा, त्यांनी तो मॅडमपुढे धरला.

मी पंख्याकडे बघत राहिले. मॅडम वाचत होत्या. पान उलटलं. परत पहिल्या पानावर आल्या.

"काका, हे कधी आलं?"

"पंधरा दिवस झाले जी. देवाजवळ होतं."

"बरं झालं घेऊन आलात. फार बरं झालं. आता खाली जाऊन चहा घ्या."

बाबूजी जाता-जाता कामठीच्या म्हातारीला सांगून गेले, "मॅडमजीनं ऑर्डर वाचली." मला ब्रह्मांड आठवलं.

मॅडम खाटेवर बसल्या. "यात दोन औषधांची नावं आहेत. एक इंजेक्शन, एक गोळी. गोळीनंच तुमचं लिव्हर बंद पाडलंय बहुतेक. हा कागद नसता आला तर आम्ही अजून चाचपडत बसलो असतो. मला रोज नाही का म्हणालात?"

"ते औषध नाही मॅडम. ताकतीची सुई आहे."

"खरंच असं वाटत होतं?"

"अर्धं," मी म्हटलं. आणि ढसाढसा रडले. त्या आवाजात रडताना माझी मलाच भीती वाटली.

त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, "ही सुई तुमच्याशिवाय आणखी कुणी घेत होतं?"

मी पायथ्याकडे बघितलं. एप्रिलचं नागपूर, वॉर्डाची भट्टी झालेली, आणि माझी माय पदरानं हनुवटी बांधून बसलेली. इतके दिवस ती माझ्यासमोर बसून होती आणि मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

"आई, जरा पदर काढता?" मॅडम म्हणाल्या.

"दात दुखते जी." आवाज माझाच. घोगरा, फाटका, बाप्याचा.

मीच उठून तो पदर सोडला. हनुवटीवर कात्रीनं कापलेले काळे खुंट होते. तिनं आरशाशिवाय कापले असणार, दोन ठिकाणी जखम झाली होती. मॅडमनी तिचे पाय दाबून बघितले, तर बोटं रुतत होती. प्रेशर घेतलं आणि लगेच नर्सला हाक मारली.

"तुम्ही काऊन नाही सांगतलं, माय?" मी तिला तुम्ही म्हणाले. का ते माहीत नाही.

मायनं मॅडमकडे बघून सांगितलं, "पोरीनं देली होती जी. वाईट कशी असन?"

*

लिव्हरचा तुकडा काढावा लागला नाही. वाट बघायची होती फक्त. आकडे आधी थांबले, मग अगदी सावकाश उतरले. पहिल्यांदा सलग झोप लागली त्या सकाळी कामठीच्या म्हातारीनं माझ्यासाठी आपलं केळं ठेवलं होतं. डोळे पांढरे व्हायला तीन महिने लागले. मायला प्रेशरच्या गोळ्या लागल्या, पायांची सूज गेली. केस विरळ झाले. मी मॅडमना विचारलं, "मायचा आवाज?"

"बाकी बरंच परत येईल," त्या म्हणाल्या. "आवाज नाही."

बाबूजींना मीच सांगितलं, वॉर्डाबाहेरच्या बाकावर. ते ओरडतील म्हणून मी तयार होते. त्यांनी फक्त कागदाची घडी उघडली. "मंग हे नोकरीचं नाही?"

"नाही."

गमछ्याच्या टोकानं ते कागदावरचं कुंकू पुसायला लागले. पुसलं जाईना, पसरत गेलं. "म्या गावभर सांगतलं वं," म्हणाले. मग घडी परत घातली आणि म्हणाले, "कोणी इचारलं तं सांग, आजारपणात तारीख गेली."

एक वर्ष मी तेच सांगत होते.

त्या पत्रात दुसरी बाटली फोडून तपासायची मागणी करायला मुदत दिली होती. ती देव्हाऱ्यातच संपली. मागणी केली असती तरी काय, दोन्ही बाटल्यांत मीच ओतलं होतं. दोन वर्षांची बंदी आली, मेडल परत गेलं. सरांचा फोन लागेना. त्यांच्या व्यायामशाळेवर आता दुसऱ्या नावाची पाटी आहे, पण दारावरून जाताना तोच लोखंडाचा आवाज येतो आणि तशाच कोवळ्या पोरी दिसतात. कधी आत जाऊन बोलावं म्हणते, आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणत पुढे निघते. याचा मला राग येतो. माझाच.

ज्यांच्या घरी असं कुणी आजारी आहे त्यांना एवढंच सांगेन: डॉक्टर 'काही घेता का' विचारतात तेव्हा ज्याला तुम्ही औषध समजत नाही, तेही सांगा. आधी तेच सांगा.

*

माय लग्नात गाणारी होती. माहेर अर्जुनी मोरगावकडचं, तिकडूनही गाण्यासाठी बोलावणं यायचं. नवरीला हळद लागताना पहिली ओळ तिचीच. मी आजारी असताना तिनं तिकडच्या प्रतापगडच्या महादेवाला नवस बोलला होता, पोट्टी वाचली तर पायऱ्या चढून देवापुढे गाईन. पायऱ्या आम्ही चढलो. वर जाऊन तिनं हात जोडले आणि तशीच खाली उतरली. आता लग्नात ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते.

मागच्या पावसाळ्यात रोवणी संपली त्या दिवशी गावातली एक बाई घरी आली. मायच्याच वयाची, वर्षानुवर्षं बांधीत तिच्या शेजारी वाकलेली. कंबर धरून ओसरीवर टेकली. इकडचं तिकडचं बोलली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमची ते पिवळी सुई होती ना वं बाई. भेटन का कुठं?"

माझं डोकंच फिरलं. मी बोलणार तोच मायनं हातानं मला थांबवलं. ती त्या बाईसमोर बसली आणि हळदीच्या गाण्याची पहिली ओळ म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तो आवाज वर चढला, फाटला, खाली कुठंतरी घरंगळला. मायनं ओळ अर्धी सोडली नाही, शेवटपर्यंत नेली. मी भिंतीकडे तोंड केलं.

ती बाई घाबरली. पदर सावरून उठली, "नाही वं बाप्पा, नको," म्हणाली, आणि वाकल्या वाकल्या पायऱ्या उतरली. अंगणात पोचल्यावर थांबली. मागे वळली.

"पण पाठ दुखायची तं थांबली होती ना?"

माय खोटं बोलत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"थांबली होती," म्हणाली.